साडूने उंच केलेली गाडी

आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं टाळता येणार नाही. सासऱ्यांच्या जुन्या गाडीचा मागच्या ब्रेकचा रबरी पाईप आखूड पडतोय, हे मला दिसलं होतं. गॅरेजमध्ये गाडीखाली उभं राहून मी त्या पाईपला बोट लावून पाहिलं होतं. बाहेर येऊन हात पुसले आणि साडूला म्हणालो, "ठीक आहे सगळं."

तीन शब्द. माझ्यासारख्याच्या तोंडून तेवढे पुष्कळ झाले.

मी भोसरीच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात आहे. आयुष्यभर एकच काम केलं. सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, फिरवून बघायचा आणि हो किंवा नाही सांगायचं. घरीही माझ्याकडे तेच खातं आलं. गीझर कुठला घ्यावा, मिक्सरचा आवाज का येतो, मेव्हणीची स्कूटर विकावी की ठेवावी, सगळे शेवटी माझ्याकडे बघतात. मी फारसा बोलत नाही, त्यामुळे बोललो की लोकांना ते खरं वाटतं. मी ठीक म्हटलेली वस्तू आमच्या घरात पुन्हा कुणी तपासत नाही.

सासरे मूळचे नारायण पेठेतले, पण नोकरी सगळी पेठेबाहेर गेली. पाटबंधारे खात्यात होते. धरणं, कालवे, पत्र्याच्या छावण्या, सरकारी जीप. निवृत्त होऊन कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा म्हणाले, "जमिनीला घासत चालणाऱ्या गाडीत मला गुदमरतं," आणि डिझेलवर चालणारी, दणकट, उंच गाडी घेऊन आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी चालवणं बंद केलं, पण विकली नाही. ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये आंब्याच्या झाडाखाली उभी असायची, आणि तिला जिवंत ठेवायचं काम मी अंगावर घेतलं.

दर रविवारी सकाळी कोथरूडहून स्कूटरवर जायचो. इंजिन चालू करायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, हवा बघायची, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड पुसायची. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा नव्याने नोंदणी करायला रांगेत मीच उभा राहिलो. सासरे वरून गॅलरीतून बघायचे.

"चालू झाली का?"

"झाली."

"बंद केलीत?"

"केली."

मग वर जाऊन चहा. आमचं प्रेम म्हणायचं तर ते एवढंच होतं, आणि मला ते पुरेसं वाटत होतं. ती गाडी मला हवी होती. फार हवी होती. पण तसं कधी म्हणालो नाही. मला वाटायचं, हे उघडच आहे. माणूस इतकी वर्षं ज्या गाडीची बॅटरी पुसतो ती गाडी त्याचीच होणार, आणखी कुणाची?

साडू माझ्याहून बराच लहान. यवतमाळचा, हिंजवडीला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. मेव्हणीने लग्न उशिरा केलं, त्यामुळे तो घरात आला तेव्हा मी तिथला जुना जावई होतो, बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर ठरलेल्या जागी बसणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडला. पुढच्या रविवारी चहा घेताना सासरे मला म्हणाले, "तुमचे साडू फ्रीज उघडतात." मला वाटलं, तक्रार आहे. मी मान हलवली, जरा समाधानानेच. ते कौतुक होतं हे कळायला मला वर्ष लागलं.

तो त्यांना बाबा म्हणे. खुर्ची असून त्यांच्या पायाशी जमिनीवर बसे. आणि सासरे त्याला अरे-तुरे करत. "अरे, तो पंखा लाव." "कुठे होतास रे?" मला त्यांनी कधी 'तुम्ही'खाली आणलं नाही. लग्न झाल्यापासून "या, बसा, घ्या." लोकांना वाटेल, मान आहे. मलाही तसंच वाटायचं, तो येईपर्यंत. त्याला अरे म्हणताना त्यांच्या आवाजात काहीतरी सैल व्हायचं. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला सासऱ्याने अरे म्हणावं असं वाटतं, हे कुणाला सांगण्यासारखं आहे का?

तीन वर्षांपूर्वी अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायची पद्धत सासूबाई गेल्यावरही सासऱ्यांनी मोडली नव्हती. पेठेतल्या एका बाईंकडून अनारसे करून आणत आणि चांदीच्या छोट्या निरांजनासकट ताटात मांडून आम्हा दोघांपुढे ठेवत. आधी मी, कारण मी थोरला. मी वाकून नमस्कार केला आणि "कशाला एवढं" असं जे म्हणायचं असतं ते म्हणालो. मग साडूची पाळी आली.

"बाबा, ते निरांजन राहू द्या जी," तो म्हणाला. "मला खालची गाडी द्या ना."

मेव्हणी ओरडली, "अहो! असं मागतात का?"

"काऊन? मागितल्याशिवाय बाबांना कळंल कसं?"

माझी बायको हसली. सासरे हसले नाहीत. उठले, दारामागच्या खिळ्यावरून किल्ली काढली आणि त्याच्या ताटात, अनारशांवर ठेवली. "घे. तूप लागेल, पुसून घे."

मीच पहिला बोललो. "बरं झालं. नुसती उभी राहून सडत होती."

ती सडत नव्हती. हे त्या खोलीत फक्त मला आणि सासऱ्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "घ्या ना, अनारसा घ्या."

मागितल्याशिवाय कळेल कसं. किती साधं होतं. घरी येताना सिग्नलला थांबलो की ते वाक्य पुन्हा ऐकू यायचं. मला राग नेमका कशाचा आला, हे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्याने गाडी नेली याचा थोडा. त्याने ती इतक्या सहज मागितली याचा फार. मी इतकी वर्षं ज्या दारापुढे चपला काढून उभा होतो, ते दार उघडंच होतं.

नंतर आणखी एक गोष्ट झाली, ती जास्त लागली.

सासरे तरुणपणी पानशेतच्या पलीकडे एका छावणीवर होते. दोन्ही मुली लहान असताना चौघं तिथे पत्र्याच्या खोलीत राहिले. एकदा ती जागा बघून यावं, असं ते अधूनमधून म्हणत. मी चौकशी केली होती. शेवटचा पट्टा नुसता मातीचा, पावसाने धुपलेला, मध्ये ओढा. "रस्ता नाही," असं मी त्यांना सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. खोटं काहीच नव्हतं. मग त्यांनी विचारणं सोडलं.

साडूने हे एकदाच ऐकलं, कुठल्याशा जेवणात. हातातला घास तसाच ठेवून म्हणाला, "रस्ता नाही ना? मग गाडी उंच करू."

"उंच करणार?" सासरे म्हणाले. "का, तिला लांबचं दिसत नाही का?"

पण डोळे चमकले होते. ते मी पाहिले.

त्याने खरंच मनावर घेतलं. डोंगरातून, चिखलातून गाड्या घालणाऱ्या लोकांचा एक गट असतो, त्यांच्यात जाऊन माहिती काढली. वारज्याच्या पुढे नदीकडे एका शेडमध्ये असल्या गाड्यांचं काम करणारा माणूस शोधला. मागे लांब स्प्रिंगा, चारी बाजूंना धक्के झेलणारे लांब शॉकअब, पुढे स्प्रिंगच्या जागी असलेला दांडा आवळून गाडी उचललेली, आणि मोठे, खोल नक्षीचे टायर. सगळं मिळून गाडी तीन-चार इंच वर येणार. मला तो फोटो पाठवायचा. "दादा, हे बघा." "दादा, हे चालंल का?" मी अंगठा पाठवायचो. जास्त काही विचारलं की लिहायचो, "बघून सांगतो."

काम उरकल्यावर त्याने शेडवर बोलावलं. सासऱ्यांची अट होती, ती त्यानेच मला सांगितली. "बाबा म्हणाले, थोरले जावई बघून हो म्हणाले तरच मी बसीन. तुम्ही पास केलं की झालं, दादा."

गाडी खांबांवर उचलून ठेवली होती, चाकं खाली लोंबत होती. ओळखू येत नव्हती. मी इतकी वर्षं जी पुसली ती ही नव्हती, आणि खरं सांगायचं तर ही जास्त देखणी होती. जवानीत आलेली. मला तेही आवडलं नाही.

"आधी हे बघा," म्हणून साडूने मला पुढच्या डाव्या दाराशी नेलं. दाराखाली एक पायरी जोडली होती, रुंद, वर खडबडीत पत्रा, पाय घसरू नये म्हणून. आत खांबाला एक दांडा, हाताने धरून वर चढायला. "गाडी उंच झाली, आता बाबा चढणार कसे? म्हणून हे करून घेतलं. त्यांचा गुडघा किती वाकतो ते मोजून आलो होतो मी."

मी त्या पायरीकडे बघत राहिलो. सासऱ्यांना त्या गाडीत चढताना त्रास होतो हे मला माहीत होतं. मी दरवेळी त्यांच्या कोपराला हात द्यायचो. पायरी करावी असं मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी, वस्तू तपासणारा माणूस. आणि हा गुडघा मोजून आला होता.

मग मी गाडीखाली गेलो.

हे समजायला अवघड नाही. गाडीच्या सांगाड्यापासून मागच्या अॅक्सलपर्यंत ब्रेकचं तेल नेणारा एक रबरी पाईप असतो. चाकं वरखाली होतात म्हणून तो रबरी, आणि थोडा सैल. गाडी उंच केली की सांगाडा आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून पाईपही लांब घालावा लागतो. शेडवाल्याने बाकी सगळं नीट केलं होतं, हे एक राहून गेलं होतं. चूक अशी राहते, म्हणूनच तर दुसऱ्या माणसाला बघायला बोलावतात. चाकं लोंबत असल्यामुळे तो पाईप वीणेच्या तारेसारखा ताणला गेला होता. बोट लावलं तर जरासुद्धा दबला नाही.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. लांब पाईप घालायला तासभर. सगळे म्हणाले असते, बरं झालं दादांनी बघितलं. आणि सासरे त्या पायरीवर पाय ठेवून वर चढले असते, साडूच्या हाताला धरून, साडूच्या गाडीत, ज्या जागी मी त्यांना कधी नेलं नाही त्या जागी जायला.

मी असा विचार केला: रस्त्यावर काही होणार नाही. एखादं चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबलं तरच पाईपवर ताण येईल. आला तर फुटेल, गाडी अडकून बसेल. फजिती होईल. दोरी लावून ओढून आणावी लागेल. मग सासरे गॅलरीतून म्हणतील, तुमच्या हातात होती तेव्हा बरी होती. माणूस जखमी होईल असं माझ्या मनात आलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण आलं होतं. अगदी ओझरतं आलं, आणि मी ते बाजूला सारलं, खराब नग पेटीत टाकतो तसं.

"ठीक आहे सगळं," मी म्हणालो.

साडूने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "दादा, आता टेन्शन गेलं बघा."

दसऱ्याला कर्वेनगरला गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबू, मेव्हणीने काढलेलं स्वस्तिक. साडू नारळ घेऊन उभा होता. सासऱ्यांनी तो त्याच्या हातातून काढला आणि माझ्याकडे दिला. "थोरल्यांनी फोडायचा. तुमचा हात लागला की मी निर्धास्त."

तेव्हाही सांगता आलं असतं. खरं तर तेव्हा जास्त सोपं होतं. "अरे हो, एक राहिलं," म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी नारळ फोडला. एका घावात फुटला. बायको म्हणाली, "शुभ झालं." मी पाणी चाकांवर शिंपडलं, उजव्या मागच्या चाकाकडे जरा जास्तच बघितलं, आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही निघालो. सासरे पुढे, साडू गाडी चालवायला, मागे मी एकटा. बायका घरी थांबल्या, त्यांना चिखलात रस नव्हता. मी का गेलो? नाही म्हटलं असतं तर विचित्र दिसलं असतं, हे एक. आणि फजिती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती, हे दुसरं.

सासरे त्या दिवशी जेवढं बोलले तेवढं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या वळणावर जीप बंद पडली होती, कुठे धाकटीला ताप आला होता आणि त्यांनी तिला रेनकोटमध्ये गुंडाळून खाली आणलं होतं. "तुझ्या बायकोला बरं का रे," ते साडूला म्हणाले. "रडत होती ही एवढी. तेव्हापासून तिचा आवाज बसलाच नाही."

"मला नका सांगू, बाबा. मी रोज ऐकतो."

दोघं हसले. मी मागे बसून दोघांच्या मानांकडे बघत होतो.

डांबर संपलं. ओढा आला, गाडी पाण्यातून आरामात निघाली. साडूने स्टिअरिंगवर थाप मारली. "पाहिलं, बाबा? म्हणे रस्ता नाही!" ते माझ्यासाठी नव्हतं, मला माहीत आहे. पण मला लागलं, आणि त्या क्षणी मला तो पाईप आठवला तो जवळजवळ दिलाशासारखा.

शेवटचा चढ लहानसाच होता, पण पाण्याने मधोमध चर पाडला होता. चढावर अर्ध्यात गेल्यावर पलीकडच्या टेपाडावर पत्र्याचं एक गंजकं छप्पर दिसलं. सासरे पुढे वाकले. "ते बघ. ते बघ रे, ती आपली खोली."

मागचं एक चाक चरावर अधांतरी झालं, आणि गाडीखाली काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. मोठा नाही. आम्ही तिघं होतो, पण तो कसला आवाज आहे हे एकालाच कळलं. साडूने गाडी थोडी मागे घेऊन पुन्हा चढवावी म्हणून ब्रेक दाबला, तर पॅडल खाली गेलं. इंजिन बंद पडलं.

"दादा, ब्रेक लागून नाही राहिला! दादा!"

त्याने हँडब्रेक ओढला, पण मागची चाकं मातीवरून घसरायला लागली. गाडी मागे जायला लागली, आधी हळू. त्या वेळेत मी काहीही केलं नाही. सीट घट्ट धरली. साडूने एका हाताने स्टिअरिंग वळवून गाडी दरीच्या बाजूने डोंगराकडे घातली, आणि दुसरा हात सासऱ्यांच्या छातीपुढे आडवा टाकला. गाडी तिरकी होऊन डाव्या अंगाने एका दगडावर आदळली. दार आत आलं. पायरी मुडपली.

धूळ बसल्यावर सासऱ्यांचा आवाज आला, बारीक पण त्यांचाच. "आला का कॅम्प?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. साडूचं मनगट मोडलं होतं, ते त्याने दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मला ओरखडाही नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर माझ्या बायकोने मला विचारलं, "अहो, तुम्ही तर बघून आला होतात ना?" मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते आता खात्रीने सांगता येत नाही. पण माझ्याआधी साडू बोलला. "त्यांनी बघितलं तेव्हा सगळं बरोबर होतं, ताई. त्यानंतर मी एकदा ट्रायलला नेली होती दगडांत. तेव्हाच काहीतरी लागलं असंल. माझीच चूक. दादांना कशाला."

ट्रायलला नेली होती हे खरं होतं. त्यात काही लागलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी तोंड मिटलं.

मेव्हणी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हती. घरात त्याच्या मागे "उद्योग" हा शब्द वापरला जायला लागला. "कुणी सांगितले होते नसते उद्योग?" सासरे तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त एक केलं. साडू भेटायला आला तेव्हा म्हणाले, "या. बसा." तो जमिनीवर बसायला निघाला होता, तो थबकला आणि खुर्चीत बसला. मी समोरच होतो. मला वाटलं होतं, त्याचं अरे गेलं की ते माझ्याकडे येईल. तसं नाही झालं. ते घरातूनच गेलं.

गाडी ओढून आणली तेव्हा साडूने परत केलेली किल्ली सासऱ्यांनी मला दिली. पलंगावरून, उशीखालून काढून. "तुम्हीच सांभाळा. तुम्ही सांगत होतात, रस्ता नाही. तुमचं ऐकायला हवं होतं."

मी ती घेतली. हे वाक्य मी पुन्हा वाचलं, आणि ते तसंच ठेवतो. मी ती घेतली.

गाडी आता कोथरूडला माझ्या पार्किंगमध्ये आहे. मी ती पुन्हा खाली आणली, जुन्या स्प्रिंगा, जुने टायर, दार नवं. पाईप अर्थातच नवा. पायरी तेवढी काढली नाही. सरळ करून तशीच ठेवली आहे. शेजारी विचारतात, "काय हो, आजोबांसाठी केली वाटतं?" मी हो म्हणतो. गाडी फारशी चालवत नाही. रविवारी इंजिन चालू करतो, थोडा वेळ ठेवतो, बंद करतो. गॅलरीतून कुणी विचारत नाही.

मत्सर गेला का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. साडूने तो हात आडवा टाकला, त्याचाही मला हेवा वाटतो. माझ्या हातांनी काय केलं ते मला माहीत आहे. तो दवाखान्यात माझ्यासाठी खोटं बोलला असंही नाही, त्याला ते खरंच वाटलं. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. मी इतका कुणावर ठेवला नाही कधी.

यंदा पुन्हा अधिक महिना आला आहे. सासऱ्यांनी फोनवरून पेठेतल्या त्या बाईंना अनारसे सांगितले. साडूने कळवलं की त्याला कामामुळे जमणार नाही. गेल्या दिवाळीलाही त्याला जमलं नव्हतं. काल मी ताट आणायला कर्वेनगरला गेलो, तेव्हा टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. सासरे वॉकर धरून उभे होते.

"तुमच्या साडूंचं तुम्ही पोचवा," ते म्हणाले. एका हाताने त्यांनी त्या ताटातलं निरांजन सरळ केलं. "त्याला म्हणावं, निरांजन या वेळी घे रे बाबा. परत मागू नकोस काही."

आवाज सैल होता. अपघातानंतर पहिल्यांदाच ऐकला. मला बसायला सुचलं नाही, मी दोन्ही ताटं उचलून खाली आलो.

आत्ता हे लिहिताना त्याचं ताट समोर आहे, वर पेपर झाकलेला. उद्या सकाळी मी त्याच्याकडे जाणार आहे, उंच होती तेव्हा त्याची असलेली गाडी घेऊन. गाडीची किल्ली मी ताटात ठेवणार आहे, पण ते फेडणं नव्हे, ती त्याचीच आहे. सासऱ्यांना त्या पत्र्याच्या खोलीपर्यंत नेणं मी देणं लागतो, आणि ते आता बहुधा कुणालाच जमणार नाही. आणि साडूला मी एक वाक्य देणं लागतो: पाईप आखूड होता, मला दिसला होता, आणि मी मुद्दाम बोललो नाही. ते अजून दिलेलं नाही.